सरकारचं वर्ष आणि शेठजींची आखाजी

कापसाच्या त्या दिवसांविषयी कोणी बोलू लागलं, की चांदी निघतेच. वऱ्हाडात म्हणे तेव्हा लोक बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवत. मी त्याच काळात अमरावतीत नांदत होते, कापसाच्या बाजाराला लागूनच आमचं घर होतं आणि हंगामात दारावरून दिवसभर बंड्या जात. चांदीची धाव मी काही एकही पाहिली नाही. पाहिलं ते हे, की ज्वारी महागली, कारण ज्याला त्याला पऱ्हाटीच, कापसाचीच झाडं, लावायची होती. आणि कापसाच्या गावात रजईत भरायला कापूस मिळेना, कारण सगळा विलायतेला जायचा. तिकडे अमेरिकेत लोक आपसात लढत होते, म्हणून इकडे माझ्या सासूबाई थंडीत कुडकुडत होत्या. यजमानांनी हे मला समजावून सांगितलं तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नीटसं पटत नाही.

आमचे यजमान एका मोठ्या अडतीत मुनीम होते. माझं माहेर अकोल्याचं, मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरातलं. वडील पंचांग सांगत. घरात मुलगा नव्हता म्हणून की काय, त्यांनी मला वाचायला शिकवलं. सासरी त्याचा काही उपयोग नव्हता, पण वाचता येऊ लागलेली बाई गप्प बसत नाही, असं सासूबाई म्हणत. ते खरं आहे.

त्या सुमारास बाजाराच्या मागच्या बाजूला सरकारी दवाखाना निघाला होता. दोन खोल्या आणि एक पडवी. कापूस दाबायच्या यंत्रात बोटं सापडलेले मजूर, बैलानं तुडवलेले बंडीवाले, नारूनं पाय सुजलेल्या बाया, सगळे पडवीत बसून असत. डॉक्टर कोकणाकडचे होते. अंगानं किडकिडीत, बोलणं मऊ, भाजीवालीलासुद्धा अहोजाहो करायचे. गावानं पहिल्या वर्षी त्यांची खूप टिंगल केली आणि दुसऱ्या वर्षी रांग लावली.

त्यांचं खरं काम होतं देवी टोचायचं. आता ती लस कुठून कुठून नळ्यांत भरून येते. तेव्हा तसं नव्हतं. एका मुलाच्या दंडावर टोचायचं, आठव्या दिवशी तिथे फोड भरून यायचा, आणि त्या फोडातलं पाणी सुईवर घेऊन दुसऱ्या मुलाला टोचायचं. त्याच्या आठव्या दिवशी तिसऱ्याला. अशी दंडावरून दंडावर ती लस जिवंत राहायची. एक आठवडा चुकला, की संपलं. हिवाळ्यात मुलं पुष्कळ मिळत. उन्हाळ्यात फोड नीट धरत नाही म्हणून डॉक्टर आठवड्याला एकदोनच मुलं घेत, लस मरू नये एवढ्यासाठी. अकोल्याच्या दवाखान्यातली लस त्या वर्षी उन्हानं मेलीच होती. त्यांचीही आशा आमच्या डॉक्टरांवर होती.

माझी मुलगी चार वर्षांची. तिला टोचून घ्यावं असं मी दिवाळीपासून म्हणत होते आणि सासूबाई दिवाळीपासून नाही म्हणत होत्या. एक तर देवीच्या कामात माणसानं हात घालू नये, आणि दुसरं, ती लस कोणाच्या दंडातली, काय जातीची, हे कोणी सांगावं? मी वाद घालून थकले. मग चैत्रात आमच्याच आळीत देवी आली. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले, फोडणीचे वास बंद झाले. समोरच्या सुताराचं पोर गेलं. त्या दिवशी सासूबाई परसदारी बराच वेळ बसून राहिल्या आणि आत येऊन म्हणाल्या, "कर तुले काय करायचं ते. मले काही विचारू नको."

मी मुलीला घेऊन तशीच दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्याच दिवशी एका पिंजाऱ्याच्या मुलाला टोचलं होतं. म्हणाले, "याचा फोड पुढच्या आठवड्यात भरेल, तेव्हा तुमच्या मुलीला घेऊन या. पाळी तिचीच." पिंजारीण तिथेच पोराला घेऊन बसली होती. माझ्या मुलीकडे पाहून हसली. आठवडाभर थांबायचं, एवढंच उरलं होतं.

आणि मधे बजेट आडवं आलं. त्याचा घोळ त्या पोराला टोचायच्या बराच आधी, चैत्र लागतानाच सुरू झाला होता.

हा शब्द आमच्या घरात यजमानांनी आणला. कलकत्त्याला साहेबांची कायदे करणारी सभा बसते, ती दरसाल वर्षाचा जमाखर्च ठरवते, त्याला बजेट म्हणायचं. त्या सभेत आमच्याकडचं कोणी नव्हतं. कापूस कधी पाहिलाय असं तरी तिथे कोणी होतं का, देव जाणे. पण तिथे ठरलेलं झिरपत झिरपत आमच्या जिल्ह्याच्या साहेबाच्या कचेरीत यायचं आणि तिथून आमच्या चुलीपर्यंत. त्या साली असं आलं: कापूस लवकर आगगाडीच्या रुळापर्यंत पोचावा म्हणून रस्त्याला भरपूर पैसा, आणि त्यासाठी बंडीमागच्या जुन्या कराचा दर नव्यानं ठरवायचा. दवाखान्याला मात्र सरकार निम्माच खर्च देणार, निम्मा गावानं उभा करायचा. आणि तोही सरकारचं वर्ष संपायच्या आत खजिन्यात भरायचा. न भरला तर दवाखान्याला कुलूप आणि डॉक्टरची बदली अकोल्याला.

रस्त्याच्या बातमीनं बाजार खूश झाला. दवाखान्याचंही कोणाला जड वाटलं नाही. पैशाला तोटा होता कुठे? शिवाय अडतीत रीतच होती, प्रत्येक बंडीच्या सौद्यातून थोडा धर्मादाय बाजूला काढून पेटीत टाकायचा. त्या वर्षी पेटीचं झाकण बसत नव्हतं. दवाखान्याचा निम्मा वाटा त्यातून सहज निघाला असता. सगळ्या शेठ लोकांनी माना डोलावल्या, पैसे भरायचं काम आमच्या यजमानांकडे दिलं, आणि वर एवढंच सांगितलं, की पेटी नेहमीप्रमाणे आखाजीला उघडायची.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात. त्या दिवशी केलेलं दान कधी सरत नाही. अडतीची पेटी आखाजीलाच उघडायची, आजोबा-पणजोबांपासून. एरवी आखाजी एप्रिलात पडते आणि सरकारचं वर्षही तेव्हा एप्रिलअखेर संपायचं, त्यामुळे कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पण आदल्या साली अधिक महिना येऊन गेला होता. त्यामुळे आखाजी लांबली आणि सरकारचं वर्ष संपल्यावर आठवडाभरानं येणार होती.

हे माझ्या लक्षात आलं, कारण मी जोशाची मुलगी. यजमान जेवायला बसले होते.

"आखाजी तं मे महिन्यात हाय," मी म्हटलं. "सरकारचं वर्ष त्याच्या आंधीच सरते. मंग पैसे भरसान कधी?"

त्यांचा घास हातातच राहिला. "खरंच व," ते म्हणाले. मग म्हणाले, "आठ दिवसानं काय होते? साहेबाले सांगून पाहतो."

त्यांनी साहेबाला सांगून पाहिलं. साहेब चांगला माणूस होता म्हणे. त्यानं ऐकून घेतलं, पैसे येणार याची त्याला खात्रीही होती. पण कलकत्त्यानं ठरवलेलं वर्ष मला लांबवता येत नाही, म्हणाला. मग यजमान अडतीच्या मालकांकडे, शेठजींकडे गेले. शेठजी म्हणाले, सरकार आपलं वर्ष लांबवत नाही, तर आम्ही आपली आखाजी काहून अलीकडे आणावी? झालं. दोन्हीकडे पैसे होते, दोन्हीकडे मन होतं, आणि दोघंही आपापल्या वर्षाला धरून बसले. मला इतका संताप आला, की त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं आणि कोणाची बोलायची छाती झाली नाही.

शेवटी मीच शेठाणीकडे गेले. शेठजींशी बोलायची सोय नव्हती, पण शेठाणीबाईंचं शेठजींपुढे चालतं हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, दंडावरून दंडावर लस कशी जाते तेही. मग म्हटलं, "हनुमान जयंती आता चार दिसावर हाय. तोही मोठा दिवस. माह्या वडलाईले मुहूर्त इचारते, ते चांगला काढून देतीन. पेटी त्या दिसी उघडा."

"पोरी," त्या म्हणाल्या, "दान त्या दिसी बी करता येते. पन ते सरून जाते. आखाजीचं सरत नाही. दवाखाना पुढी चालावा असं वाटते नं तुले? मंग सरनाऱ्या पैशानं कसा चालंन?"

त्यांच्या मनात कपट नव्हतं. उलट दवाखान्याचं भलं व्हावं म्हणूनच त्या थांबायला सांगत होत्या. कपट असतं तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी मला सरबत दिलं, मुलीसाठी खडीसाखर बांधून दिली, आणि मी घरी आले.

एप्रिल संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याला कुलूप. पडवीत माणसं तशीच बसलेली, कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टर दमणीत बसून निघायच्या बेतात होते. मला पाहून उतरले.

"त्या मुलाचा फोड अजून कच्चा आहे," ते म्हणाले. "आज काही घेता येत नाही. मला आजच निघायचा हुकूम आहे. पण तुम्ही त्याला आणि मुलीला घेऊन अकोल्याला येऊ शकलात, तर मी तिथे टोचेन. चार दिवस आहेत. उशीर मात्र करू नका. फोड सुकला तर मग माझ्या हातात काही नाही."

पिंजारणीला विचारायचा मला संकोच वाटत होता. कोण कुठली मी, तिनं आपलं पोर घेऊन एवढ्या उन्हात माझ्यासाठी का यावं? तर ती आधीच गाठोडं बांधून बसली होती. कापूस इतका महाग झालेला, की रजया कोणी भरून घेईना. तिच्या घरातली पिंजण सहा महिने खुंटीला होती. अकोल्याला तिची बहीण राहायची, तिथे काही काम मिळतं का पाहायला ती निघालीच होती. "चाल नं बाई," ती म्हणाली. "माह्या पोट्ट्याचा दंड तुह्या पोरीच्या कामी आला तं अल्ला मलेच देईन."

आता बंडी हवी. मला वाटलं होतं, हे तरी सोपं. सबंध अमरावतीत एक बंडी मोकळी नव्हती. होती नव्हती ती सगळी कापसाला लागलेली. बंडीवाले म्हणायचे, माणसं न्यायचं भाडं कोण घेते, बाई, कापसात चौपट मिळते. अखेर यजमानांनी अडतीच्याच बंड्यांत आमची सोय केली. त्या रुळाकडे जायच्या, अकोल्यावरूनच. एका बंडीवर गठ्ठे कमी रचले आणि त्यात आम्ही दोघी आणि दोन पोरं. सासूबाईंनी दारातून पाहिलं. पिंजारणीच्या पोराच्या डोक्यावर ऊन येत होतं, म्हणून आत जाऊन आपलं जुनं लुगडं आणलं आणि वरून बांधून दिलं.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूरकडे लागलो. ऊन इतकं, की गठ्ठ्यांना हात लावता येत नव्हता. रोज सकाळी पिंजारीण पोराची बाही वर करायची आणि आम्ही दोघी वाकून पाहायचो. फोड छान भरत होता, मोत्यासारखा. इतकं चांगलं काही मी त्या महिन्यात पाहिलं नव्हतं. माझी मुलगी त्या पोराशी बोटांनी काहीतरी खेळत राहायची, तोही हसायचा. हिशेबानं आम्ही वेळेत पोचत होतो.

मग नाका आला. त्या नव्या रस्त्याच्या कराचा. रस्ता अजून व्हायचा होता, नाका मात्र तयार होता. पुढे बंड्यांची रांग, दिसेल तिथवर. आमचा बंडीवाला पुढे जाऊन विचारून आला. सरकारचं नवं वर्ष लागलं, तेव्हा नवा दर लागू. पण नवा दर काय, हे अजून नाक्यावर आलं नव्हतं. जुन्या दरानं सोडायचं नाही, नवा माहीत नाही. म्हणून कारकुनानं सगळ्या बंड्या अडवून ठेवल्या होत्या.

मी खाली उतरले. कारकून तरुण होता, बाभळीखाली बसला होता.

"आमच्या बंडीचा कापूस इथंच उतरवा," मी म्हटलं. "आमाले जाऊ द्या. दोन पोरं हायेत, अकोल्याले दवाखान्यात न्याचे हायेत."

"कापूस उतरवला तं त्याची राखन कोन करीन?" तो म्हणाला. "अन बिनकापसाची बंडी सोडायचा हुकूम बी नाही, बाई. बंडी म्हंजे बंडी."

"जास्तीत जास्त जो काही दर असंन तो घ्या न आत्ता!"

"जास्त घेतला तं माही नौकरी जाईन."

बंडीवाल्यांचंही काही चालेना. मी पायी निघायचं म्हटलं, तर पिंजारीण म्हणाली, या उन्हात दोन पोरं घेऊन पायी गेलो तर टोचायला उरतील का? तिचं बरोबर होतं. तो दिवस गेला. दुसराही जात आला, तेव्हा घोड्यावर एक शिपाई दर घेऊन आला. नवा दर जुन्या दराइतकाच होता. कलकत्त्यानं तो बदललाच नव्हता.

मी तिथे रस्त्यावर उभी राहून मोठ्यानं हसले. बंडीवाले माझ्याकडे पाहत राहिले.

अकोल्याला पोचलो तेव्हा फोडावर खपली धरली होती. डॉक्टरांनी पोराचा दंड हातात घेतला, उजेडात फिरवून पाहिला. सुई पुसून घेतली, खपलीच्या कडेनं काढून पाहिलं, माझ्या मुलीला दोन्ही दंडांवर टोचलं. ती रडली नाही. म्हणाले, धरलं तर नशीब. रोज या. मी रोज नेत राहिले. तिचे दंड जसेच्या तसे राहिले.

आखाजी मी अकोल्यालाच केली, वडिलांच्या घरी. अमरावतीची बातमी आली: पेटी उघडली, मागितल्याच्या दुप्पट पैसे निघाले, खजिन्यात भरले. साहेबानं शेठजींना शाल दिली. दवाखाना नव्या वर्षाच्या हिशेबात पुन्हा उघडला, डॉक्टरांची बदली रद्द झाली, ते परत गेले. आम्हीही परत आलो. सगळं होतं तसं झालं, एक लस सोडून. ती मुंबईहून मागवायला हवी होती, आणि त्याची तरतूद त्या वर्षाच्या बजेटात नव्हती.

ज्येष्ठाच्या आरंभी मुलीला ताप भरला आणि अंगावर देवी उठल्या. डॉक्टर दिवसातून दोनदा यायचे, ते नसते तर ती जगलीच नसती. सासूबाईंनी तिच्या उशाशी आसन टाकलं आणि तिथून हलल्या नाहीत. पिंजाऱ्याच्या पोराला काही झालं नाही. पिंजारीण अकोल्याहून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर विचारत राहायची.

ताप उतरला, फोड सुकले, तशी शेठाणीबाई बघायला आल्या. बरोबर फळांची टोपली होती. मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "देवीची मर्जी," त्या म्हणाल्या. "वाचली, हेच खूप."

"देवीचं नाव काहून घेता?" मी म्हटलं. "देवी तं महिनाभर आमच्या आळीत फिरत होती, सगळ्याइले दिसत होती. थांबले ते तुमी. अन थांबलं ते सरकार. आमाले थांबाले जागाच नोती." माझा आवाज चढला होता. यजमान दारात उभे होते, त्यांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. सासूबाईंनीही नाही. शेठाणीबाई फार वेळ बसल्या नाहीत.

त्यांना निरोप देऊन मी आत आले. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट अंथरुणावर पडलं होतं. मुलगी उठून बसली होती. खपल्या निघाल्यापासून पहिल्यांदाच तिनं डोळे पुरते उघडले होते.

"माय," ती म्हणाली, "किती अंधार झाला. दिवा लाव नं."

मी दिवा लावला.